पाठपोट

त्रिशला म्हणाली, बाबा, नुसती फाडा नि चिकटवा.
माझ्या हातून ते होईना.
खणभागातल्या आठ बाय दहाच्या दुकानात
चौतीस वर्षं मी कागद शिवत आलोय,
वकिलांची बाडं, पेढ्यांच्या खतावण्या,
कुणाच्या आजोबांची पोथी.
फाडलं एकही पान नाही.

म्हणून उसवली.
एकेका टाक्यापाशी दोरा कापला,
पिना होत्या तिथं नखानं उचकल्या,
केळीचं सोपट सुटावं
तशी पानं सुटली, अखंड.

विश्रामबागेत त्यांचा तिसरा मजला.
खोली पूर्वेची, खिडकीखाली रेल्वेचे रूळ.
भिंत आधीच पोपटी आहे.
गेल्या आषाढात भरतेशनं रंगवायला घेतली,
एक हात झाला, दुसरा राहिला.
उरलेला डबा माळ्यावर आहे.
समोरची बाई विचारते, पहिलंच ना?
त्रिशला म्हणते, नाही, पाठचं.
ती बाई पुढचं विचारत नाही.

खळ घरूनच करून नेली.
मैदा, पाणी, मंद आच, हात थांबवायचा नाही.
मोरचुदाच्या डबीकडं बोटं सवयीनं गेली
आणि अडली.
हे बाळ भिंत चाटणार.
जैनाच्या घरात जन्मून
उभा जन्म मी कसरीला विष घालत आलो, पोटासाठी.
या वेळी हळद घातली.
सांगलीत हळदीला काय तोटा,
यार्डावरून बस गेली तरी शर्टाला वास राहतो.
भरतेश म्हणाला, मामा,
भिंतीला हळद लावताय, लग्न कुणाचं?

मग खरी अडचण.
पानं पाठपोट छापलेली.
पुढं छत्री घेऊन निघालेला हत्ती,
मागं दारात उभी त्याची आई.
हत्ती लावला
की आई कायमची भिंतीकडं तोंड करून.
आई लावली
तर ती कुणाची वाट बघते ते कळायचं नाही.
सशामागं त्याचं बीळ,
टाकीवरच्या चिमणीमागं लिंबावरचं घरटं,
आणि एका बोक्याच्या पाठीला
अख्खा चंद्र, पिवळाजर्द, वाया जाणारा.

दोन-दोन प्रती आणू का, त्रिशलानं विचारलं.
आण की. पण प्रत कुठलीही असो,
तिला पाठ राहणारच.
हसली.
एक हात कमरेवर, मागं,
एक पुढं, गोलाव्यावर.
दुखतंय का गं?
पुढचं वाढलं की मागचं दुखतंच, म्हणाली,
आणि स्टुलावर बसून
हत्तीला डावीकडं घ्या, अजून डावीकडं, असं करत राहिली.

चार वाजता चहा झाला.
मग कपाटाच्या तळातून तिनं एक पुस्तक काढलं,
अजून दुकानाच्या पिशवीत, बिलासकट.
हे पण उसवा.
नवंकोरं होतं, जुजबंदी घट्ट,
शिवणाऱ्यानं मन लावून शिवलेलं.
मला वेळ लागला.

त्यातलं एकच पान तिनं घेतलं.
एका अंगाला निळं पाणी आणि मासा,
दुसऱ्या अंगाला तेच पाणी, नुसतं.
कुठली बाजू, मी विचारलं नाही.
खळ तिनंच फासली, कोपऱ्यापर्यंत, नीट,
लहानपणी दुकानात बसून शिकली होती तशी.
मासा भिंतीकडं केला.

मी हाडाची पट्टी घेतली,
मधून कडेकडं हवा काढत गेलो.
ओल्या कागदातून
मासा आरपार दिसत होता,
खवले, शेपूट, एवढासा डोळा.

भरतेशनं पंख्याच्या बटणाला हात घातला.
नको, म्हटलं.
घाईनं वाळवलं की कागद सुटतो.
सावकाश वाळू दे.